हंसमानेची निळी अश्कदान

नागपूरच्या धरमपेठेतील एका हस्तकलेच्या दुकानातून मी इराणी धाटणीची, फुंकून घडवलेली निळी अश्कदान (शब्दशः अश्रुपात्र; वळणदार मानेची काचेची बाटली) 2,800 रुपयांना घेतली. 19व्या शतकातील इराणी बाटल्यांप्रमाणे हिची मान हंसासारखी वळत वर जाते आणि तोंड पानासारखे उमलते. कोबाल्टमुळे येणारा निळा रंग बुडाशी गडद, तर मानेपाशी, जिथे काच ताणून पातळ झाली आहे, तिथे फिका दिसतो. तळाशी, घडवताना बाटली धरणाऱ्या सळईपासून ती तोडून वेगळी केल्याची खरखरीत खूण आणि काचेत अडकलेले बारीक बुडबुडे असल्याने ती यंत्रावर नव्हे, हाताने घडवलेली असावी असे वाटले. मात्र ती किंचित डुगडुगते आणि दुकानदाराने ती केवळ वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्यामुळे बर्डीपर्यंतचा रिक्षाप्रवास मी श्वास रोखूनच केला. वळणदार मान आतून पुसता येत नाही, म्हणून पाणी न भरता ती कोरडीच ठेवावी.