परतलेल्या हाताला कोणतं पुस्तक? क्रोशाच्या पुस्तकांची एक घरगुती तुलना

लातूरला आत्याच्या कपाटात डालड्याचा जुना डबा आहे. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या झाडलोटीत तो खाली काढला, तर आत पोलादी सुया, पिवळट पडलेला वीस नंबरचा दोरा आणि एक अर्धवट तोरण निघालं. सात पानं पुरी झालेली, आठव्याच्या देठात सुई तशीच अडकवलेली. "औशाला बदली झाली तवा ठेवलं होतं बग," आत्या म्हणाली. मधे पंचवीस वर्षं गेली. रिटायर झाली, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, आणि त्या दिवशी दुपारी ती ते पान घेऊन खिडकीशी बसली.

हिला क्रोशाचं एखादं झकास पुस्तक द्यायचं, असं मी तिथंच ठरवलं. तेव्हापासून तीन दिली. पहिलं वाया गेलं, दुसऱ्यानं घोळ घातला, तिसरं तिच्या उशाशी असतं. तुमच्या घरातही कुणी आई, काकू, जाऊबाई अशी पुन्हा सुई धरत असेल, तर माझे पैसे गेले तिथं तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

पहिलं पुस्तक होतं नवशिक्यांचं. कव्हर देखणं, पण अर्धी पानं सुई कशी धरावी यातच खर्ची पडलेली. आत्यानं दहा मिनिटांत चाळलं आणि म्हणाली, "हे तर मी कार्यानुभवाच्या तासाला चौथीच्या पोरींना शिकवायची." रागावली नाही, पण पुस्तक पुन्हा उघडलंही नाही. तेव्हा लक्षात आलं की हात काही विसरत नाही. साखळी, मुका खांब (बुटका टाका), खांब (उंच टाका) हे सगळं तिला एका संध्याकाळीत परत आलं. अडत होतं ते दुसरीकडेच. नमुना तिनं आयुष्यात कधी कागदावरून वाचला नव्हता. शेजारणीचा रुमाल आणायचा, खांब मोजायचे, तसाच विणायचा. इंग्रजी पुस्तकात मात्र 'सीएच ३, २ डीसी' (तीन साखळ्या, दोन 'डबल क्रोशे') अशा ओळींच्या ओळी असतात. म्हणजे टाके येतात, भाषा येत नाही. परतलेल्या बाईसाठी पुस्तक निवडताना ही एक गोष्ट धरून चालायची.

आता दुसऱ्या पुस्तकाचा घोळ. ते ब्रिटिश आवृत्तीचं होतं, हे मला माहीतच नव्हतं. ब्रिटिश पुस्तकातला 'डबल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब. अमेरिकन पुस्तकातला 'डबल क्रोशे' म्हणजे आपला उंच, साधा खांब, ज्याला ब्रिटिश 'ट्रेबल' म्हणतात. शब्द एकच, टाके दोन. आत्यानं शब्दाचा अर्थ मोबाइलवर एका अमेरिकन बाईच्या व्हिडिओत पाहिला आणि पुस्तक उघडून गोल रुमाल सुरू केला. पुस्तकात पहिल्या फेरीला सहा टाके होते आणि पुढं प्रत्येक फेरीत सहा-सहा वाढवायचे. मुक्या खांबाचा गोल असा वाढवला तर पोळीसारखा सपाट बसतो. खांब उंच असतो, त्याचा घेर झपाट्यानं वाढतो, म्हणून त्याला साधारण बारा-बारा वाढवावे लागतात. सहावरच भागवलं की कड पुरत नाही आणि विणकाम वाटीसारखं वर वळतं. चौथ्या फेरीला आत्याचा फोन आला: "अगं, हा रुमाल हाय का टोपरं?"

एक खूण सांगते. पुस्तकात 'सिंगल क्रोशे' हा शब्द टाका म्हणून जागोजागी दिसला, तर पुस्तक अमेरिकन पद्धतीचं समजावं. ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाका सहसा वापरत नाहीत. ऑनलाइन घेताना आतली दोन-चार पानं दाखवतात, तिथं एवढं पाहून घ्या.

यातून पुरतं सुटायचं असेल तर चिन्हांच्या आकृत्या असलेलं पुस्तक घ्यावं. लांबट अंडाकृती म्हणजे साखळी, फुली किंवा अधिकचं चिन्ह म्हणजे मुका खांब. आणि खांबाचं चिन्ह? उभी रेघ, डोक्यावर आडवी तुळई, मधे एक तिरकी काडी. हुबेहूब खांबच. याहून उंच खांब असेल तर तिरक्या काड्या दोन, म्हणजे सुईवर दोरा दोनदा गुंडाळायचा. इंग्रजांची आणि अमेरिकनांची नावं भांडत बसोत, मराठी बायकांनी टाक्याला जे नाव दिलं तेच कागदावर उभं आहे. आत्याला ही आकृती समजावून सांगायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. पुढं तीच मला चुका दाखवायला लागली. जपानमध्ये तर या चिन्हांचं राष्ट्रीय मानक ठरलेलं आहे, म्हणून जपानी पुस्तक अक्षर न वाचताही विणता येतं. फक्त सुईचे आकडे तिथं वेगळे: ५/० म्हणजे ३ मिलिमीटर. सुई नेहमी मिलिमीटरवरूनच जुळवावी.

आता निवडीचं. खरी चुरस आहे ती टाक्यांच्या कोशात आणि तुकड्यांच्या पुस्तकात.

कोश म्हणजे बेटी बार्न्डेन यांचं 'द क्रोशे स्टिच बायबल' (२००४). त्यात दोनशेहून जास्त टाक्यांचे नमुने आहेत. काही आवृत्त्या तारेच्या बांधणीच्या आहेत, आणि ही गोष्ट वाटते तेवढी किरकोळ नाही. दोन्ही हात विणण्यात गुंतलेले असताना पुस्तक आपोआप मिटलं की जीव वैतागतो. आत्या पोळपाट ठेवून पान दाबते. पण कोश हा शेवटी कोशच. त्यात शंख-शिंपल्यासारखे, जाळीचे, उठावाचे टाके मिळतील, त्यांचं करायचं काय ते तुमचं तुम्ही ठरवायचं. जिच्या डोक्यात आधीच "मला पडद्याला अशी किनार करायचीय" असं काही आहे, तिला यासारखं दुसरं नाही. जी "आता काय करू?" म्हणून बसली आहे, तिच्यापुढं दोनशे टाके ठेवणं म्हणजे भुकेल्यापुढं मसाल्याचा डबा ठेवणं.

तुकड्यांच्या पुस्तकाचं तसं नाही. त्यात चौकोन, गोल असे सुटे तुकडे विणायचे असतात. एक तुकडा टीव्हीवरच्या दीड मालिकेत होतो, झाला की हातात घेऊन मिरवता येतो, बिघडला तर तेवढाच उसवायचा. दोरा कोणताही चालतो. अमेरिकन पुस्तकातली जाड लोकर आपल्या दुकानात मिळेलच असं नाही, पण तुकडा बारीक दोऱ्याचा केला तर लहान होईल, एवढंच. आणि तुकडे जोडून मोठं काही करायचं, हे आपल्याला गोधडीनं, वाकळीनं शिकवलेलंच आहे.

यात मी दोन ताडून पाहिली. जॅन ईटन यांचं '२०० क्रोशे ब्लॉक्स' (२००४) हे चौकोनांचं. कुठला चौकोन कुणाशेजारी शोभेल याचा विचार केलेला, रोख ब्लँकेटांवर. एडी एकमन यांच्या 'बियॉन्ड द स्क्वेअर' (२००८) मध्ये १४४ आकार आहेत: गोल, षट्कोन, त्रिकोण, चौकोन आणि काही भलतेच, आणि सोबत चिन्हांच्या आकृत्या. ब्लँकेट कुणाला नको असं नाही, डिसेंबरातली पहाट लातुरातही बोचते. पण मराठवाड्यात लोकर मांडीवर घेऊन बसण्याचे दिवस किती? मार्चपासून ती घामानं बोटांना चिकटते. इथं सुती दोराच बरा, आणि सुती दोऱ्यात होतं ते तोरण, ताटावरचा रुमाल, देव्हाऱ्याचं आसन, भाजीची झोळी. याला गोल आणि षट्कोन जास्त कामाला येतात. म्हणून माझं मत एकमनबाईंना. उशाशी आहे ते हेच. परदेशात थंडीच्या गावी लेकीकडं पाठवायचं असेल, तर मात्र मी ईटनचं पाहीन.

बाहुल्यांची पुस्तकं सध्या सगळीकडं दिसतात. जपानी आमिगुरुमी, म्हणजे विणलेली भरीव खेळणी. जवळजवळ सगळं मुक्या खांबात, फेऱ्या न जोडता गोलगोल वर चढत जायचं, आणि टाका घट्ट ठेवायचा, नाहीतर आतला कापूस डोकावतो. घरात नातू-नात असेल तर याच्यासारखी भेट नाही. आजीच्या हातचा हत्ती दुकानात मिळत नाही. पण दोन गोष्टी बघा. जिला जाळीचं, नाजूक काम आवडायचं तिला हे शिवणयंत्रासारखं एकसुरी वाटू शकतं. आत्यानं एक ससा केला, कान लावायच्या आधीच कंटाळली. दुसरं, घट्ट टाक्यानं मनगट लवकर भरून येतं. आणि मूल तान्हं असेल तर प्लॅस्टिकचे डोळे नकोत, दोऱ्यानंच भरावेत.

कपड्यांची पुस्तकं, म्हणजे जाकीट, श्रग वगैरे, सुरुवातीला नकोच. आधी नमुन्याची चौकट विणून टाके मोजा, लोकर बदलली की हिशेब बदला. पुन्हा रुळायच्या आत उत्साह जायचा.

एकमनबाईंचंच 'द क्रोशे आन्सर बुक' (२००५) छोटं, प्रश्नोत्तरांचं. कडा का वाकड्या होतात, दोरा कसा जोडायचा, असल्या अडचणींवर नेमकं. पण ते सगळं इंग्रजी वाचन आहे. इंग्रजी सहज वाचणाऱ्या बाईला जोडभेट म्हणून द्यावं, एकटं नको. इंग्रजीचं अजिबातच वावडं असेल तर मराठी पुस्तिका आहेतच: तोरणं, रुमाल, टोपरी. मी पाहिलेल्यांत छपाई यथातथाच होती आणि फोटोत टाका दिसत नव्हता. तरी 'दोन साखळ्या सोडून खांब' हे वाक्य वाचताना आत्याचा चेहरा खुलला, हेही खरं.

एक पुस्तक मात्र सगळ्यांहून निराळं. डायना टायमिना या लॅटव्हियात जन्मलेल्या गणितज्ञ. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९९७ मध्ये त्यांनी हायपरबोलिक पृष्ठभाग, म्हणजे जागोजागी घोड्याच्या खोगिरासारखा वळलेला, क्रोशानं विणून दाखवला. कागदाचं मॉडेल फाटायचं, विणलेलं हाताळता येतं. त्यावरचं 'क्रोशेटिंग ॲडव्हेंचर्स विथ हायपरबोलिक प्लेन्स' २००९ मध्ये आलं. विचित्र नावाच्या पुस्तकांसाठीचं डायग्राम पारितोषिक त्याला मिळालं, आणि २०१२ मध्ये गणितावरच्या पुस्तकांचं ऑयलर पारितोषिकही. युक्ती आत्याच्या टोपऱ्याच्या बरोबर उलटी आहे: दर काही टाक्यांमागं एक टाका नेमानं वाढवत राहायचं. घेर मावेनासा होतो आणि कडेला झालर उठते, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी. यात रुमालाचे नमुने शोधू नका, पुष्कळसं गणितच आहे. विज्ञान-गणित शिकवलेली कुणी बाई असेल तर मी डोळे मिटून हेच देईन. आत्यानं तीस वर्षं गणित शिकवलं. फोनवर नुसती युक्ती सांगितली, तर रात्री उरलेल्या दोऱ्याची झालर करून फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "सातवीच्या पोरांना हे दाखवलं असतं तर!"

मोबाइलवर सगळं फुकट असताना पुस्तक कशाला, असं भाऊ म्हणाला होता. व्हिडिओ थांबवायला दर वेळी सुई खाली ठेवावी लागते, आणि टाका सुटला तो तेव्हाच सुटतो.

पुस्तकाबरोबर दोराही द्या, नाहीतर ते महिनाभर तसंच पडून राहतं. थकलेल्या डोळ्यांना गडद रंगातला टाका पटकन दिसत नाही. दोरा जरा जाड आणि रंग फिका घ्या, पोपटी, आकाशी, साय रंगाचा. मी तिसऱ्या पुस्तकाबरोबर गुलमंडीच्या बाजारातून सहा गुंड्या नेल्या होत्या.

तोरणाचं ते आठवं पान आत्यानं शेवटी पुरं केलंच नाही. जुना दोरा पिवळा, नवा पांढरा, जोड लपेना. सातही पानं बैठकीतल्या फोटोखाली चिकटवून टाकली आणि दारासाठी षट्कोनांचं नवं घेतलंय. परवा फोनवर विचारत होती, "यायलीस कधी? येताना साय रंगाच्या अजून चार गुंड्या आण. त्याच नंबरच्या."