सांगोल्याच्या माळावर डिशचं इंटरनेट, दीड वर्ष वापरून

आमचं डाळिंबाचं पॅकिंग शेड सांगोल्याच्या पुढं माळावर आहे आणि ऑफिस सोलापुरात नवी पेठेत. शेडवर मोबाईलची एक काडी येते, ती पण वजनकाट्यापाशी उभं राहिलं तर. फायबरवाला म्हणाला पुढच्या वर्षी बघू, ते पुढचं वर्ष तीनदा येऊन गेलं, मग शेवटी डिश बसवली, व्हीसॅट म्हणतात ते. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण मिटलंय आता.

बसवायला दोन पोरं आली, अर्ध्या दिवसात काम झालं, त्याला पूर्ण मार्क. सॅटेलाईट आपल्याकडून जवळजवळ सरळ दक्षिणेला आणि खूप वर आहे, त्यामुळं झाडाबिडाची अडचण नाही, पण डिश एवढी उताणी बसते की आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, यात कुरडया वाळत घालता येतील का रे.

प्लॅन खाली (डाउनलोड) १० आणि वर (अपलोड) ३ एमबीपीएसचा. स्पीडटेस्ट लावली की नऊ आणि पावणेतीन येतंय, खुश. पण रोज रात्री टॅलीचा बॅकअप, २४० एमबीच्या आसपास, शेडवरून ऑफिसला जायला चाळीस मिनिटं! हिशोब केला तर पावणेतीन कुठलं, ०.८ सुद्धा धड नाही. कॉल सेंटरला फोन केला की एकच पालुपद, सर स्पीडटेस्ट करून बघा. इंजिनिअर आला, लॅपटॉप उघडला, नऊ दाखवलं, चहा पिऊन गेला. असं तीनदा झालं आणि मी चौथ्या वेळी जरा जास्तच बोललो, ते चुकलंच.

कारण तो पण खरंच बोलत होता. भाचा वालचंदला इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत शेडवर आला होता, म्हणाला मामा, स्पीड सोडा, पिंग बघा, म्हणजे निरोप जाऊन त्याचं उत्तर यायला लागणारा वेळ. बघितलं तर ६४० मिलिसेकंद. सॅटेलाईट ३५,७८६ किलोमीटरवर, निरोप वर जाऊन खाली येणार, त्याचं उत्तर परत वर जाऊन खाली येणार, म्हणजे जवळपास १ लाख ४३ हजार किलोमीटर, प्रकाशाच्या वेगानं गेलं तरी पावणेपाचशे मिलिसेकंद यातच गेले, बाकीचे मोडेम आणि हबमध्ये, म्हणजे कंपनीच्या जमिनीवरच्या केंद्रात. हे कुठल्याच कंपनीच्या बापाला कमी करता येत नाही.

आता ह्याचा बॅकअपशी काय संबंध? टीसीपी म्हणजे इंटरनेटवर माल पोचल्याची खात्री करत पाठवायची पद्धत, त्यात पाठवणारा थोडा माल पाठवतो आणि "मिळालं" असा निरोप यायची वाट बघतो. विहिरीपासून टाकीपर्यंत लांब पाईप आहे समजा, पाईप भरलेला ठेवला तर टाकीत सतत धार पडते, पण तुम्ही एक घागर ओतून टाकीवरच्या माणसाची हाक येईपर्यंत थांबलात तर पाईप निम्म्याहून जास्त वेळ कोरडाच. आमच्या पाईपात एका वेळी २४० केबी मावतात (३ एमबीपीएस गुणिले ०.६४ सेकंद, भागिले ८, कारण आठ बिटचा एक बाइट) आणि ऑफिसातलं बॅकअपचं जुनं सॉफ्टवेअर घागर ६४ केबीवरच ठोकून बसवलेलं. जुन्या टीसीपीची मर्यादाच ६५,५३५ बाइट, ती वाढवायची सोय १९९२ पासून आहे, पण सॉफ्टवेअरनं वापरली तर ना. ६४ केबी भागिले ०.६४ सेकंद, सेकंदाला १०० केबी, म्हणजे बरोबर ते ०.८ एमबीपीएस! स्पीडटेस्ट एकाच वेळी बरीच कनेक्शन उघडते, बऱ्याच घागरी एकदम, म्हणून तिथं नऊ आणि पावणेतीन दिसतात.

गंमत पुढं आहे. कंपनीच्या मोडेममध्ये यावर तोडगा आधीच होता, पेप म्हणतात त्याला, इंटरनेटच्या पद्धतींची आरएफसी नावाची कागदपत्रं असतात, त्यातलं २००१ चं ३१३५ नंबरचं त्याच्यावरच आहे. शेडवरचा मोडेमच कॉम्प्युटरला सांगतो पोचलं पोचलं, पुढचं पाठव, आणि आकाशातला प्रवास स्वतःच्या पद्धतीनं सांभाळतो. आमच्याकडं तो चालत नव्हता कारण बॅकअप व्हीपीएनमधून, म्हणजे शेड ते ऑफिस अशा कुलूपबंद खाजगी वाटेनं जायचा, व्हीपीएन सगळं गुंडाळून टाकतं, मोडेमला आत टीसीपी आहे का डाळिंब आहे काही दिसत नाही. एवढी एक ओळ त्या इंजिनिअरनं पहिल्या दिवशी सांगितली असती तर माझे चार महिने वाचले असते, माझी खरी तक्रार एवढीच.

मग बॅकअप व्हीपीएनच्या बाहेर काढला. सीए साहेब घाबरले, पण फाईलला आधी पासवर्ड लावून एचटीटीपीएसनं, म्हणजे वेबसाईटच्या कुलूपबंद पद्धतीनं पाठवतो, आतलं कुणाला दिसत नाही आणि वरचा टीसीपीचा पत्ता मोडेमला दिसतो, तेवढ्यावर त्याचं काम भागतं. चाळीस मिनिटांचं काम तेरा मिनिटांत व्हायला लागलं, त्याच डिशवर, त्याच प्लॅनमध्ये.

दुसरं म्हणजे फोटो. व्यापाऱ्याला लॉटचे दोनशे फोटो पाठवायचे तर त्याच्या पोर्टलवर प्रत्येक फोटोचं कनेक्शन वेगळं, फोटो निघायच्या आधी नुसतं रामराम घालण्यात दोन सेकंद, दोनशेला सहा-सात मिनिटं वाया, आणि प्रत्येक कनेक्शन हळूहळू वेग धरतं तोवर फोटो संपलेला असतो. आता एकच झिप करून टाकतो. आणि राऊटरमध्ये यूडीपी ४४३ (टीसीपी सोडून दुसऱ्या पद्धतीचं, यूडीपीचं, ४४३ नंबरचं दार) बंद केलं, कारण क्रोम गुगलच्या साईटशी त्या दारातून क्विक नावाच्या नव्या पद्धतीनं बोलतो, तीही मोडेमला काही दिसू देत नाही, बंद केलं की तो गुपचूप टीसीपीवर येतो. आमच्याकडं फरक जाणवला.

जे सुटत नाही ते सुटत नाही. व्हिडिओ कॉलवर दोघंही एकदम बोलतात आणि दोघंही एकदम गप्प बसतात, आम्ही आता पोलिसांच्या वायरलेससारखं बोलतो, वाक्य संपलं की "हां बोला". जोराच्या पावसात लिंक जाते, पण आमच्याकडं पाऊस असतो कुठं, सप्टेंबरातले चार दिवस सोडले तर. मार्चमध्ये आणि सप्टेंबरअखेर काही दिवस भर दुपारी सूर्य बरोबर सॅटेलाईटच्या मागं येतो आणि काही मिनिटं सगळं बंद. पहिल्या वेळी मी तक्रार नोंदवली होती, नोंदवून घेईपर्यंत चालू झालं.

बिल फायबरच्या कितीतरी पट, म्हणून फायबर मिळत असेल तर हे वाचत बसू नका. स्टारलिंक ह्या दुसऱ्या सॅटेलाईट इंटरनेटवाल्यांना भारतात २०२५ च्या जूनमध्ये लायसन्स मिळालंय, त्यांचे सॅटेलाईट ५५० किलोमीटरवर, पिंगचं दुखणं तिथं नाही, दर बघून ठरवू. माझ्याकडून ह्या डिशला पाचपैकी साडेतीन, घेणार असाल तर सही करायच्या आधी एकच विचारा, व्हीपीएन चालवलं तर किती स्पीड येईल, आणि त्यांनी स्पीडटेस्ट उघडली की लॅपटॉप मिटवायला सांगून एक मोठी फाईल पाठवून दाखवायला लावा.