लॉंग कोविड: फिजिओथेरपीला जावं की ऑनलाइन गटात बसावं?

कोविड होऊन गेला, रिपोर्ट सगळे नॉर्मल, पण पाण्याच्या दोन बादल्या उचलल्या की धाप लागते आणि दुपारनंतर डोकं चालत नाही. असं तीन-चार महिने चाललं की डॉक्टर पुनर्वसनाचं नाव काढतात आणि घरात प्रश्न उभा राहतो: फिजिओथेरपिस्टकडे जायचं, की मोबाइलवर सात-आठ जणांच्या गटात व्यायाम करायचा? मी ऑनलाइन गट निवडला. तरी समोरासमोरच्या उपचाराचं पारडं कुठे जड आहे ते आधी सांगतो.

पहिली तपासणी प्रत्यक्षच व्हावी, यात तडजोड नको. छातीत दुखत असेल, धडधड होत असेल, भोवळ येत असेल तर व्यायामाआधी ईसीजी आणि डॉक्टर सांगतील त्या बाकीच्या तपासण्या. दुसरी गोष्ट नाडीची. पाच-दहा मिनिटं आडवं पडून नाडी मोजायची, मग दहा मिनिटं उभं राहून पुन्हा पुन्हा मोजायची, सोबत रक्तदाब. रक्तदाब फारसा न घसरता नाडी 30 किंवा अधिक ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर पॉट्सचा (उभं राहिलं की नाडी फार वाढण्याचा विकार) संशय घेतात. अशा माणसाला उभ्याने व्यायाम दिला तर तो बिघडू शकतो. त्याची सुरुवात आडवं पडून किंवा बसून व्हायला हवी. उभ्याने भोवळ येऊ शकते, म्हणून ही तपासणी जवळ कुणी असतानाच करावी. श्वास पोटापर्यंत जातोय की नुसती छाती वरखाली होतेय, हेही हात ठेवल्यावर जितकं कळतं तितकं पडद्यावर कळत नाही. शिवाय सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी घरं भरपूर. वयस्कर बाईंना मराठी गटात सूचना अर्ध्याच कळणार असतील, तर त्यांची भाषा बोलणारा जवळचा फिजिओथेरपिस्ट केव्हाही बरा.

माझं मत फिरलं ते जाण्या-येण्यापाशी. सोलापुरात आमच्या विडी घरकुल वसाहतीतून सात रस्ता चौकापर्यंत रिक्षा, एप्रिल-मेचं बेचाळीस अंशांचं ऊन, वर जिना, मग बाकावर अर्धा तास नंबरची वाट. व्यायाम सुरू होण्याआधीच दिवसभराची ताकद निम्मी संपलेली असते. नुसत्या दमण्याचा प्रश्न असता तर सोसून गेलं असतं. पण या आजारात श्रमाचं बिल उशिरा येतं, बहुधा 12 ते 48 तासांनी. फिजिओथेरपिस्टच्या टेबलावर माणूस ठीक दिसतो, पाच मिनिटं पेडलिंगही करतो, आणि परवा सकाळी अंथरुणातून उठवत नाही. तो पुढच्या वेळी येत नाही, त्याच्या कार्डावर ‘गैरहजर’ एवढीच नोंद पडते. ज्याला व्यायाम जास्त झाला, नेमका तोच तपासणाऱ्याच्या नजरेआड जातो. चूक कुणाची नाही, पण हे मला फार खटकतं.

चांगल्या ऑनलाइन गटात पहिली दहा मिनिटं याच हिशेबाची असतात: मागच्या वेळेनंतर दुसऱ्या दिवशी कसं होतं, तिसऱ्या दिवशी कसं? अंग पडलेला, म्हणजे श्रमानंतर असा गळून गेलेला माणूस झोपून, कॅमेरा बंद ठेवून हे सांगू शकतो आणि त्याचा व्यायाम तिथल्या तिथे कमी होतो.

याला थोडा आधारही आहे. इंग्लंड-वेल्समधल्या 585 जणांवरच्या रीगेन नावाच्या चाचणीचे निष्कर्ष बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 2024 साली आले. आठ आठवड्यांचा ऑनलाइन गट आणि एकदाच दिलेला अर्ध्या तासाचा ऑनलाइन सल्ला, अशी ती तुलना होती. गटवाल्यांचं जीवनमान तीन महिन्यांनी थोडं जास्त सुधारलं आणि तो फरक वर्षभराने टिकून होता. फरक लहानच आहे. त्यातले सगळे रुग्ण कोविडसाठी रुग्णालयात राहून आलेले होते, त्यामुळे घरीच बरे झालेल्यांना हे जसंच्या तसं लागू पडेल असं मी म्हणणार नाही.

घरची मांडणी मात्र नीट हवी. बिनहाताची, बिनचाकांची खुर्ची भिंतीला टेकवून, साधारण दीड फूट उंच. मोबाइल स्टुलावर, पाण्याच्या बाटलीला टेकवून, सहा फूट लांब. डोक्यापासून पावलांपर्यंत दिसलं पाहिजे, नाहीतर गुडघे आत वळताहेत हे कुणाला कळणार? ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश नको, बोट गार नको, आणि आकडा स्थिरावेपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबा. व्यायामात ऑक्सिजन तीन-चार टक्क्यांनी घसरला तर थांबून सांगा. शेजारी माग चालू असेल तर इअरफोन लागतोच.

ऑनलाइनचे दोष दोन. आवाज अर्धा सेकंद मागे पडतो, म्हणून श्वासाचे आकडे पडद्यावरून घेऊ नका. स्वतःच मोजा, नाकाने दोन आकड्यांत आत, ओठांचा चंबू करून चार आकड्यांत बाहेर. दुसरा दोष चढाओढीचा. शेजारच्या चौकटीतल्या काकूंनी खुर्चीवरून बारा वेळा उठबस केली की आपल्यालाही बारा कराव्याशा वाटतात. आपला आकडा पाच असेल तर पाचच, आणि तोही सलग दोन-तीन वेळा दुसरा-तिसरा दिवस नीट गेल्याशिवाय वाढवायचा नाही.

वहीत तीन रकाने आखा: आज काय केलं, उद्या कसं, परवा कसं. पहिल्या रकान्यात घरकामही धरा. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, आणि आलं की पिंप, हंडे, बादल्या भरण्यात दीड तास जातो. तोही व्यायामच आहे. त्या दिवशी गटात फक्त श्वासाचे प्रकार करावेत, किंवा नुसतं ऐकावं.

पैसे भरण्याआधी गट चालवणाऱ्यांना दोन गोष्टी विचारा: एका वेळी किती जण असतात, आणि एखाद्याचं अंग पडलं तर तुम्ही काय बदलता? दहाच्या वर माणसं असतील तर प्रत्येकाकडे लक्ष पुरत नाही. आणि ‘दर आठवड्याला थोडं थोडं वाढवतोच’ असं उत्तर आलं, तर तो गट घेऊ नका; त्यापेक्षा जिना चढून जाणं परवडलं.