वापरून आठ महिने: ताईचा बॅले-संच आणि मधली अर्ध्या सेकंदाची खाच

तक्रार आधी सांगते. स्वान लेकच्या चौथ्या अंकात वादळ उठतं, सगळा ऑर्केस्ट्रा अंगावर येतो, आणि तिथून शेवटच्या दृश्याकडे वळायच्या जागी माझ्या फोनवर अर्धा सेकंद काहीच वाजत नाही. टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांची घुमघुम अजून हवेत असायला हवी, तिथे कानात कापूस कोंबल्यासारखं होतं. मग पुढचा ट्रॅक सुरू. आठ महिने मी या अर्ध्या सेकंदाशी भांडते आहे. संगीताला पाचपैकी साडेचार, या खाचेला शून्य.

संच कुठला ते सांगून उपयोग नाही, आता तो मिळतही नाही. रशियन संगीतकार चायकोव्स्कीचे तिन्ही बॅले एका खोक्यात, सात सीडी: स्वान लेकच्या दोन, स्लीपिंग ब्यूटीच्या तीन, नटक्रॅकरच्या दोन. खोकं ताईचं. ताई गेली, कपडे वाटून झाले, चष्मा कोणाला देता येत नाही म्हणून राहिला, आणि खोकं मी उचललं. खरं सांगायचं तर फुकट मिळत होतं म्हणून उचललं. बॅलेतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. घरी येऊन पाहिलं तर सातपैकी एक पाकीट रिकामं! स्लीपिंग ब्यूटीची तिसरी सीडी गायब. ताईकडून वस्तू नेऊन परत न करणारा एक चुलतभाऊ आहे आमचा. माझा संशय तत्काळ त्याच्यावर गेला आणि तिथेच मुक्कामाला राहिला.

पहिले काही आठवडे शब्द असलेलं काहीच ऐकवत नव्हतं. गाणं सुरू झालं की दुसऱ्या ओळीला कोणीतरी मला विरह समजावून सांगायला लागायचं. मला माहीत होता. मग ‘मन शांत करणारं’ म्हणून जे संथ, न संपणारं वाद्यसंगीत असतं ते लावलं. त्याने मन शांत झालं नाही, झोपही आली नाही, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखं मात्र वाटलं. स्वान लेक लावलं ते शेवटचा उपाय म्हणून नव्हे, खोकं टेबलावरच पडलं होतं म्हणून.

ते लागू पडलं. का, हे कळायला दोन महिने गेले. बॅलेचं संगीत कोणाच्या तरी पायांसाठी लिहिलेलं असतं. स्लीपिंग ब्यूटी आणि नटक्रॅकरच्या वेळी नृत्यरचनाकार पेटिपाने चायकोव्स्कीला प्रसंगागणिक टिपणंच दिली होती: इथे इतके बार (म्हणजे तालाची आवर्तनं), इथे लय अशी, इथे ती घाबरते, इथे पडते. एखाद्या शिंप्याला माप द्यावं तशी. म्हणजे हे संगीत ऐकणाऱ्याला रडवायला बसलेलं नाही, कोणीतरी उठावं, वळावं, तोल सांभाळावा म्हणून ते मोजून बेतलेलं आहे. माणूस गेल्यावर नेमकं तेवढंच सुचत नसतं. बसावं की उठावं, हात कुठे ठेवावेत. मी चौथ्या अंकावर कपाट आवरलं आहे. नाचले नाही, पण हात लयीत चालले, आणि मध्येच रडू आलं तेव्हा घडी अर्धवट राहिली तरी संगीत पुढे जात राहिलं, तेही बरं वाटलं.

दुसऱ्या अंकातला तो प्रसिद्ध संथ तुकडा, राजपुत्र आणि जादूगाराने हंस करून टाकलेल्या ओडेटचा, त्यावर मी एक महिना चिडून होते. आधी हार्प, मग एकटं व्हायोलिन, शेवटाकडे व्हायोलिन आणि चेलो एकमेकांच्या कडेने चालतात. आपण पार विरघळलेले असतो आणि तेवढ्यात संगीत टुणकन उडी मारून पळायला लागतं. जलद, हसरं, अगदी खोडकर. मला वाटलं सीडीत चूक आहे, दुसऱ्याच कशाचा तरी तुकडा चिकटवलाय. चूक नव्हती. १८७७ साली मॉस्कोत पहिला प्रयोग झाला त्यासाठी चायकोव्स्कीने लिहिलेला शेवट असाच जलद आहे. आपण रंगमंचावर जो हळुवार शेवट ऐकतो तो नंतरचा, पीटर्सबर्गच्या १८९५ च्या प्रयोगासाठी संगीतकार द्रीगोने केलेला. तोवर चायकोव्स्की जाऊन एक वर्ष उलटलं होतं. आणि हा दुसरा अंक, तळ्याकाठचा, नृत्यरचनाकार इव्हानोवने नव्याने बसवला तोच मुळी १८९४ मध्ये, चायकोव्स्कीच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमासाठी. हे वाचल्यावर द्रीगोचा राग येईना. माणूस गेल्यावर मागे राहिलेले लोक त्याच्या गोष्टींचे शेवट मऊ करतातच. आम्हीही ताईबद्दल बोलताना तेच करतो. ती भयंकर तापट होती. आता मला मूळचा जलद शेवटच आवडतो.

ही सुरावटही मुळात बॅलेची नव्हेच. १८६९ मध्ये लिहिलेल्या ‘उंदिना’ या ऑपेरातलं ते प्रेमिकांचं युगुलगीत. ऑपेरा नाकारला गेला, चायकोव्स्कीने तो नष्ट केला, गाणाऱ्यांचे आवाज गेले आणि त्यांच्या जागी व्हायोलिन-चेलो आले. काटकसर मला कळते. वाया जाऊ द्यायचं नाही.

आता खाच. ताईचा मुलगा आला होता, त्याच्याकडे मी तक्रार केली की आईच्या सीडीत दोष आहे. त्याने फोन हातात घेतला.

“मावशी, हे तू एमपीथ्री केलंयस.”

“मग? जागा कमी लागते.”

“आणि तेही सगळ्यात खालच्या दर्जाचं! आईने ऐकलं असतं तर तुला घरात घेतलं नसतं.”

मग त्याने समजावलं. एमपीथ्री आवाज ठरावीक मापाच्या डब्यांत भरतं. गाणं संपलं आणि शेवटचा डबा अर्धा रिकामा राहिला, तर उरलेल्या जागेत शांतता भरली जाते. सुरुवातीलाही थोडी भर पडते. त्यात माझं फुकटचं अ‍ॅप पुढची फाइल उघडायला वेळ घेतं. सुट्या गाण्यांत हे कळतही नाही, पण बॅलेत संगीत वाहतं राहतं आणि सीडीवाले ते सोयीसाठी कापतात, म्हणून सांधा दिसतो. सीडीत दोष नव्हता. माझ्या चिकटपणात होता.

सुधारणा, पाचवा महिना. त्याने सगळ्या सीडी बिनकाटछाट फ्लॅकमध्ये पुन्हा उतरवून दिल्या, अ‍ॅपही बदललं. खाच गेली. वादळ सरळ शेवटच्या दृश्यात शिरतं आणि बी मायनर या उदास स्वरमेळात इतका वेळ विव्हळलेली हंसाची धून बी मेजर या उजळ स्वरमेळात पितळी वाद्यांवर उभी राहते. राजपुत्र आणि ओडेट बुडून मरतात आणि संगीत मेजरमध्ये संपतं, यावर काय म्हणावं मला अजून कळलेलं नाही. सोव्हिएत काळातल्या प्रयोगांत शेवट सुखाचा करून टाकला, जादूगाराचा पंख उपटला की झालं. त्यांना बहुतेक संगीताने सूट दिली असं वाटलं असावं. (याच सोव्हिएत देशात ऑगस्ट १९९१ मध्ये सत्तापालटाचा प्रयत्न झाला तेव्हा टीव्हीवर बातम्यांऐवजी स्वान लेक लावलं होतं. बातमी सांगायची नसली की हंस सोडायचे.) पण माझी गोची अशी की त्या अर्ध्या सेकंदात श्वास घ्यायची मला सवय झाली होती. आता श्वास घ्यायला जागाच नाही. जुनं फोल्डर मी काढून टाकलेलं नाही. भाच्याला सांगू नका.

व्हिडिओबद्दल. लोक म्हणतात बॅले बघायचा असतो. बघितला. पहिल्या महिन्यांत तरी बघू नका असं मी म्हणेन. नुसतं ऐकताना मध्ये एक माणूसभर जागा मोकळी असते, कारण संगीत कोणासाठी तरी वाट करून देत असतं आणि ते कोणी दिसत नसतं. व्हिडिओत तिथे एक सुरेख अनोळखी बाई येऊन उभी राहते. रशियन नर्तकी अ‍ॅना पाव्हलोव्हा १९३१ मध्ये हेगला वारली, त्यानंतर तिच्या ठरलेल्या प्रयोगाच्या वेळी ‘मरणारा हंस’ हे तिचं गाजलेलं नृत्य असलेलं संगीत रिकाम्या रंगमंचावर वाजवला गेला आणि प्रकाशझोत ती जिथे असती तिथे फिरत राहिला, असं सांगतात. मला हवा होता तो प्रयोग हा.

अपवाद एकच, ला बायादेर. संचात नाही, फुकट सापडला म्हणून पाहिला. हाही १८७७ चाच, संगीत मिंकुसचं. यातला भारत बघून हसू आवरत नाही. देवळातली नर्तकी निकिया फुलांच्या परडीतला साप चावून मरते आणि तिचा प्रियकर सोलोर शोकाने अफू ओढत बसतो. मग सावल्यांचं राज्य. उतारावरून पांढऱ्या वेशातली एक मुलगी येते, एक पाय मागे उचलून झुकते, दोन पावलं टाकते, पुन्हा झुकते. तिच्यामागे दुसरी. मग तिसरी. तेच पाऊल, तीच साधी धून, अनेक प्रयोगांत अशा बत्तीस जणी. मी मोजत बसले. विसाव्या मुलीपर्यंत मी ताईचा विचार केला नव्हता हे एकविसावी आली तेव्हा माझ्या लक्षात आलं.

जिझेल या बॅलेचं थोडक्यात सांगते: अ‍ॅडमचं संगीत, १८४१, पॅरिस. दुसरा अंक सगळा थडग्यापाशी. व्हायोलाचा तुकडा सुंदर. पण फसवणाऱ्या माणसाला माफ करते ती, त्यावर माझी मूळची सहनशक्ती कमी.

नटक्रॅकर मी मुद्दाम टाळला होता. खेळणी, बर्फ, मिठाई, आपल्याला काय करायचंय. सहाव्या महिन्यात लावला तो नवीन हेडफोन तपासायला, सेलेस्टा हे घंट्यांसारखं किणकिणणारं वाद्य कसं वाजतं बघू म्हणून. शेवटाकडचं परीचं आणि राजपुत्राचं युगुलनृत्य आधी आलं. हार्पच्या लाटांवर चेलो एक धून घेतात, आणि धून म्हणजे काय, तर वरच्या षड्जापासून खालच्या षड्जापर्यंत शुद्ध स्वरांचा सरळ अवरोह. सां नि ध प म ग रे सा. संगीताच्या पहिल्या धड्यातला. पुन्हा तोच, पुन्हा तोच, दर वेळी जास्त वाद्यं घेऊन. मी हेडफोन काढून ठेवले. मिठाईच्या राज्यात हे कोणी आणून ठेवलं?

शोधलं तेव्हा सापडलं. १८९१ च्या वसंतात, या बॅलेचं काम चालू असताना, अमेरिकेच्या दौऱ्याला निघालेल्या चायकोव्स्कीने पॅरिसमध्ये एका वाचनालयात रशियन वर्तमानपत्र उघडलं आणि त्यात बहीण साशा गेल्याचं वाचलं. काही अभ्यासकांना या अवरोहात रशियन ऑर्थोडॉक्स अंत्यप्रार्थनेची लय ऐकू येते. असेल, नसेल. मला ती बहिणीची बातमी कळायच्या आधीच ऐकू आलं होतं एवढं लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की वाचून रडली. नटक्रॅकरला पाच.

स्लीपिंग ब्यूटीला दोन. दुःखात अगदी निरुपयोगी. नामकरण, वाढदिवस, शंभर वर्षं झोप, आणि तिसऱ्या अंकात नुसतं लग्न. तेही मला अर्धवटच, कारण सीडी नाही. चुलतभावाला दोनदा आडून विचारलं. “मी नेली नाही गं,” म्हणाला. नेणारा असंच म्हणणार.

शेवटची सुधारणा, मागचा आठवडा. ताईचा सीडी प्लेअर आठ महिने कपाटावर मुका पडून होता. ती गेली तेव्हापासून चालूच होत नव्हता. विकावा म्हणून आधी दुरुस्तीला नेला. सेवा केंद्रातल्या माणसाने वायर लावली, काढली आणि म्हणाला, “मॅडम, पार्ट येत नाहीत याचे. एक्स्चेंजमध्ये टाका.” म्हटलं, निदान ट्रे उघडून द्या. तर ट्रे उघडायचा वेगळा चार्ज, शिवाय नुसतं बघितल्याचा आहेच. मी तिथे अर्धा तास भांडले. बघितल्याचेसुद्धा पैसे कसले, डोळे काय भाड्याने घेतले होते? पैसे न देता प्लेअर काखेत मारून परत आणला.

भाच्याने चार स्क्रू काढले, आतलं दातेरी चाक बोटाने फिरवलं. ट्रे बाहेर आला. त्यात स्लीपिंग ब्यूटीची तिसरी सीडी.

म्हणजे ताईने शेवटचं ऐकलं ते हंस नव्हेत आणि अवरोहही नव्हे. लग्नाचा अंक. आम्ही लगेच लॅपटॉपवर लावली. बुटातल्या बोक्याचं आणि पांढऱ्या मांजरीचं नृत्य आलं, ओबो आणि बासून ही फुंकवाद्यं चक्क म्यांव म्यांव करतात, एकमेकांना पंजे मारतात. भाचा हसायला लागला. म्हणाला, “आई हे लावून आमच्या बोक्याला चिडवायची. तो सोफ्याखाली जाऊन बसायचा.” मग सगळे नाच संपतात आणि शेवटची भव्य मिरवणूक येते, जुन्या फ्रेंच गाण्यावर बेतलेली. लग्न झालं, सगळं गोड झालं, आणि ती मिरवणूक जी मायनरमध्ये आहे. बुडून मेलेल्यांना मेजर आणि लग्न लागलेल्यांना मायनर. भाचा म्हणाला, “पुन्हा मांजर लाव.” लावलं. तीनदा.

स्लीपिंग ब्यूटीचे दोन खोडून चार करते. एक गुण त्या मिरवणुकीसाठी राखून ठेवलाय, अजून नीट ऐकून झालेली नाही. चुलतभावाला फोन करायचा राहिलाय.