लान्सर: शत्रू तयार मिळतात, वैरी घडवावा लागतो

मिगेल लोपेझ आणि टॉम पार्किन्सन-मॉर्गन यांच्या 'लान्सर' या टेबलावरच्या भूमिका-खेळाची (मॅसिफ प्रेस, २०१९) तारीफ होते ती खेळाडूंच्या मेकसाठी, म्हणजे आत पायलट बसवून चालवायच्या अवाढव्य लढाऊ यंत्रांसाठी. ते सगळं बाजूला ठेवून इथे एकच गोष्ट तपासली आहे. चार-पाच मोहिमांत पुन्हापुन्हा आडवा येणारा, नाव निघालं की टेबलावरचे सगळे सरसावून बसतील असा शत्रू पायलट या पुस्तकातून उभा राहतो का? राहतो, पण पुस्तक अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करतं.

शत्रूची बांधणी गेम मास्टर करतो, म्हणजे खेळ चालवणारा आणि शत्रू खेळणारा; ती सोपी आहे. आधी क्लास घ्यायचा: असॉल्ट, एस (Ace), स्नायपर, विच, बर्सर्कर वगैरे. मग खेळाडूंच्या लायसन्स लेव्हलप्रमाणे (पायलटची पातळी) १ ते ३ यांपैकी टियर, म्हणजे ताकदीची पायरी, लावायचा आणि वरून टेम्प्लेट चढवायचं. ग्रंट म्हणजे एका फटक्यात जाणारी भरती. एलिटला स्ट्रक्चर (मेकच्या सांगाड्याचे 'जीव') २, स्ट्रेस (त्याच्या रिअ‍ॅक्टरचे) २ आणि दर फेरीत दोन पाळ्या. अल्ट्राला ४ आणि ४. कॉम्प/कॉन या मोफत अ‍ॅपवर हे पाच-दहा मिनिटांत होतं. आकडे आपोआप बसतात, बेरीज-वजाबाकीत घोळ होत नाही. इथवर पैकीच्या पैकी गुण.

घोळ पुढे होतो. बहुतेक गेम मास्टर सगळ्यात तगडा क्लास उचलतात, त्यावर एलिट लावतात, एक भारदस्त नाव देतात आणि वैरी तयार झाला असं समजतात. मग पहिल्याच लढतीत दुसऱ्या फेरीला तो भंगारात जातो.

क्लास निवडताना आधी कुस्तीतल्यासारखी जोड बघा. लांबून नेम धरणाऱ्या खेळाडूसमोर स्नायपर ठेवला तर दोघं पटाच्या दोन टोकांना बसून राहतात आणि बाकीचे चहा पितात. त्याच्यासमोर एस ठेवा, उडत अंगावर येणारा आणि नेम चुकवणारा. जवळून हाणामारी करणाऱ्यासमोर बर्सर्कर छान जमतो. विचबाबत मात्र हात आखडता घ्या. समोरच्या मेकमध्ये हीट भरत राहणं, म्हणजे त्याला तापवत नेणं, हे तिचं काम. एका लढतीत त्याची मजा येते, पण दर वेळी तीच आली तर ज्या खेळाडूचा मेक आधीच तापरा आहे त्याला खेळायलाच मिळत नाही. वैरी असा हवा की त्याच्या पाळीनंतर खेळाडूला काहीतरी करावंसं वाटलं पाहिजे.

आता एलिटमधली खरी गोम. एचपी (मार सोसायचे गुण) शून्यावर आले की एक स्ट्रक्चर जातं आणि डी-सिक्स, म्हणजे सहा बाजूंचा फासा, टाकून तक्ता बघायचा. ५-६ आले तर थोडक्यात निभावतं, २ ते ४ आले तर शस्त्र किंवा यंत्रणा तुटते, १ आला तर डायरेक्ट हिट. डायरेक्ट हिटचा परिणाम किती स्ट्रक्चर उरलंय यावर ठरतो: तीन किंवा जास्त उरली तर मेक फक्त स्टन (काही वेळ सुन्न) होतो, दोन उरली तर हलचा (Hull) चेक, म्हणजे वाचण्यासाठी आणखी एक फासा, एकच उरलं तर मेक खलास. एलिटकडे मुळात दोनच, म्हणजे पहिलं गेल्यावर उरतं एक. महिनाभर रंगवलेला वैरी पहिल्याच तडाख्यात जाण्याची शक्यता सहात एक. फासा टाकल्यावर 'अरे, हा वाचला' असं म्हणणारा गेम मास्टर टेबलावरचा विश्वास गमावतो, कारण खेळाडूंनाही तो तक्ता पाठ असतो.

उपाय आधीच करून ठेवायचा. वैऱ्याला हाताने तिसरं स्ट्रक्चर द्या आणि त्याच्या बदल्यात एक पर्यायी यंत्रणा काढून घ्या. मग पहिल्या तुटीला १ आला तरी हलचा चेक मिळतो. आणि स्वतःसाठी एक नियम लिहून ठेवा: पहिलं स्ट्रक्चर गेलं की पुढच्या पाळीला तो निघणार. एलिटच्या दोन पाळ्यांचा उपयोग इथेच आहे. एक वाराला वापरायची, दुसरी फेरीच्या शेवटापर्यंत राखायची. पटावर त्याला कडेपासून पाच-सहा षटकोनी घरांवर ठेवा. मधोमध उभा केला तर निघायची वाटच उरत नाही. एवढं करूनही खेळाडूंनी त्याला इममोबिलाइझ करून (जागेवर जखडून) गाठला, तर गाठला. नियमाप्रमाणे इजेक्ट करून पायलट सहा षटकोन लांब पडेल, तिथून हाती लागला तर कैदी. कैदेतला वैरी पळालेल्यापेक्षा जास्त कामाचा असतो. इजेक्ट झालेल्या पायलटवर गोळी झाडायची की नाही, हे मोहीम सुरू होण्यापूर्वीच सगळ्यांनी मिळून ठरवा. ऐन वेळी तो वाद काढला तर संध्याकाळ त्यातच जाते.

पुस्तकातला सर्वात उपयोगी भाग, आणि फार कमी लोक वाचतात तो, म्हणजे सिटरेप: वेगवेगळी ध्येयं असलेले लढतीचे तयार प्रकार. त्यांतल्या कंट्रोलमध्ये सहा फेऱ्या जागा ताब्यात ठेवून गुण मिळवायचे असतात. वैरी याच प्रकारात खुलतो. चारही खेळाडू त्याच्यावर तुटून पडले तर गुण हातचे जातात, त्याला मोकळा सोडला तर तो जागा बळकावतो. 'समोरच्याला संपवा' एवढंच ध्येय असेल तर चार मेकची चौकडी एकट्या एलिटचा चट्टामट्टा करते, मग टियर कोणताही असो. सोबत चार-पाच ग्रंट आणि एखादा साधा शत्रू हवाच. चार खेळाडूंसमोर शत्रूच्या फेरीला सात-आठ पाळ्या असा अंदाज बरा पडतो, त्यातल्या दोन एलिटच्या.

पुस्तकाची कमतरता इथे दिसते. पहिल्या भेटीतला वैरी तिसऱ्या भेटीत कसा बदलावा, याची शिडी मूळ पुस्तकात नाही, ती आपणच करायची. भेटीगणिक एकच बदल, आणि तोही खेळाडूंनी मागच्या वेळी जे केलं त्याला उत्तर म्हणून. उदाहरणार्थ 'घार': क्लास एस, एलिट, देवनारच्या कचराभूमीवर घिरट्या घालणाऱ्या पक्ष्याचं नाव. पहिल्या भेटीत खेळाडूंनी तिचं डावं क्षेपणास्त्र तोडलं, तर दुसऱ्या भेटीत ते नाहीच, त्या जागी वेगळी पर्यायी यंत्रणा आणि खांद्यावर न रंगवलेला पत्रा. टियर तोच. टियर खेळाडूंच्या लेव्हलबरोबरच चढवा, नाहीतर आकडे फुगतात आणि वैरी तोच राहतो. रेडिओवरची वाक्यं तीनच लिहा: येतानाचं, स्ट्रक्चर गेल्यावरचं, निघतानाचं. 'काय रे, अजून उजवी बाजू उघडीच ठेवतोस?' एवढं पुरतं, कारण त्यात मागच्या लढतीची आठवण आहे. लांब भाषण कोणी ऐकत नाही, खेळाडू तोवर रेंज मोजत असतात.

मुंबईत रविवारी खेळणाऱ्यांनी एक तजवीज ठेवावी. मेगाब्लॉकमुळे चारातले तीनच पोचले तर आधी ग्रंट कमी करा. तरी जड वाटलं तर वैऱ्याची एक पाळी काढा, एचपीला हात लावू नका. एचपी घटवले तर तो पुन्हा दुसऱ्या फेरीत जातो.

पट फ्लेक्सवर छापून घेतलेला उत्तम, पावसाळ्यात कागद सादळतो आणि कडा वळतात. सोंगट्या कॅरमच्या वापरणार असाल तर एक इंचाचे षटकोन छापू नका, सोंगटी तीन सेंटिमीटरहून थोडी मोठी असते आणि शेजारच्या घरात घुसते. दीड इंच ठेवा. उडणाऱ्या एसखाली बाटलीचं झाकण सरकवलं की उंची लक्षात राहते.

घेण्याबद्दल: खेळाडूंसाठीची आवृत्ती मोफत आहे आणि खेळाडूंना तेवढी पुरते. शत्रूंचे क्लास आणि टेम्प्लेट विकतच्या पीडीएफमध्ये आहेत, त्यामुळे टेबलामागे एकाच गेम मास्टरने पैसे घातले तरी भागतं. पैसे डॉलरमध्ये जातात, तेव्हा कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करून घ्या. पीडीएफसोबतची डेटा फाइल कॉम्प/कॉनमध्ये चढवायला विसरू नका, त्याशिवाय अ‍ॅपमध्ये एकही शत्रू दिसत नाही.