चार बँडचा हँडी घेताना गेलेले २५,१५० रुपये

हँडी म्हणजे हातात धरायचा वॉकीटॉकीसारखा रेडिओ सेट. तो जुना घेताना फसलो. रक्कम आधीच सांगतो: २५,१५० रुपये. सोलापुरातच, जुळे सोलापूरला राहतो. चार वर्षांपासून हॅम म्हणजे हौशी रेडिओचा परवाना आहे, व्हीयू-थ्रीने सुरू होणारा कॉलसाइन (हवेवरची ओळख) आहे. म्हणजे यातलं काही कळत नव्हतं म्हणून फसलो, असं नाही.

दोन बँडचे (फ्रिक्वेन्सीच्या दोन पट्ट्यांचे) स्वस्त सेट माझ्याकडे आहेत. पण गच्चीवर चांगला अँटेना लावला की आजूबाजूच्या जोरदार सिग्नलनी त्यांचा रिसीव्हर दबतो आणि लांबचं स्टेशन बुडून जातं. मला हवा होता १४४ आणि ४३४ सोबत ५० मेगाहर्ट्झही घेणारा, दोन बँड एकदम ऐकवणारा, पावसात न मरणारा आणि खरेच ५ वॅट सोडणारा हँडी. (चौथा बँड २२० चा, तो आपल्याकडे हॅमना नाहीच.) नवा परवडत नव्हता. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत मोबाइल लागत नाही, म्हणून जानेवारीच्या आत सेट हातात हवा होता. त्या घाईनेच घात केला.

जुन्या सेटच्या खरेदी-विक्रीच्या एका ग्रुपवर तो भेटला. हुबळीचा म्हणाला, मला 'अण्णा' म्हणायचा, मेसेजच्या शेवटी ७३ (हॅम लोकांच्या शुभेच्छा) लिहायचा. कॉलसाइन दिला, तो मी हॅमच्या यादीत तपासला, खरा निघाला. कॉलसाइन खरा होता, वापरणारा खोटा होता. यापलीकडे कुणी काय तपासणार?

पण तपासायला होतं, आणि तेच रात्री झोपू देत नाही. फोटोत डिस्प्लेवर १४६.५२० स्वच्छ दिसत होतं. आपला दोन मीटरचा बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. १४६.५२० ही अमेरिकेतली कॉलिंग फ्रिक्वेन्सी, तिथले हॅम एकमेकांना हाक मारतात ती. हुबळीचा हॅम आपला सेट तिथे कशाला लावून ठेवील? फोटो तिकडच्या कुठल्यातरी जाहिरातीतून उचललेला होता. मी तो बोटांनी मोठा करून पाहिलाही होता, पण कुठे ओरखडे आहेत का ते बघायला! शिवाय त्याने माझ्या परवान्याची प्रत मागितलीच नाही. खरा हॅम ती मागितल्याशिवाय सेट हातातून सोडत नाही.

सौदा २२,५०० ला ठरला. ५,००० टोकन, मग १७,५००. दोन दिवसांनी 'कुरिअरचा विमा, परत मिळेल' म्हणून २,६५०. तेही दिले, कारण आधीचे अडकले होते. अडकलेले पैसे सोडवायला पुन्हा पैसे देऊ नका, कुणालाच.

खोकं आलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडलं. ५०.५०० टाइप केलं की नुसता बीप. मॉडेलच्या स्टिकरचा कोपरा नखाने उचकला तर खाली दुसरंच नाव: माझ्याकडे आहे तसलाच दोन बँडचा सेट. वॉटमीटरवर पावणेदोन वॅट. बायको म्हणाली, "अहो, त्याला फोन लावा ना." नंबर बंद होता.

तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. तीन दिवस शरमेत घालवले, तुम्ही घालवू नका, कळल्या क्षणी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. ठाण्यात पहिला प्रश्न, "वॉकीटॉकी कशाला लागतो तुम्हाला?" परवाना दाखवला, तर तो उलटसुलट करून पाहिला आणि साहेब येईपर्यंत बसायला सांगितलं. सव्वादोन तास बसलो. मग साहेब म्हणाले, "वस्तू मिळाली ना काका? मग फसवणूक कसली, हा ग्राहकाचा वाद." ग्राहक तक्रारीला गेलो तर विक्रेत्याचा पत्ता आणा. पत्ता कोण काढून देणार? पोलीस. बँकेत गेलो, "पिन तुम्हीच टाकलाय." पैसे ज्या खात्यात गेले त्याचा नंबर माझ्याकडे आहे, व्यवहाराचे तिन्ही क्रमांक आहेत, स्टिकर काढलेला सेट आहे. कुणी हातात घेऊनही बघितला नाही. चार चकरा झाल्या, प्रत्येक वेळी अर्धा दिवस रजा, आणि प्रत्येक टेबलावर हॅम रेडिओ म्हणजे काय इथून सुरुवात. चोर मोकळा आणि जबाब माझाच!

सेट घेणार असाल तर व्हिडिओ कॉलवर बॅटरी काढून मागचा सिरियल नंबर वाचून घ्या. तुम्ही सांगाल ती फ्रिक्वेन्सी समोर टाकायला लावा. कॉलसाइन यादीत सापडला म्हणून थांबू नका, त्या माणसाशी हवेवर किंवा ओळखीतून बोला. माझ्या प्रकरणातल्या कॉलसाइनच्या खऱ्या मालकांना मी गाठलं तेव्हा त्यांना पत्ताही नव्हता.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या ग्रुपवर तोच फोटो आलाय, आता २१,००० ला. गाव बेळगाव, नाव वेगळं. डिस्प्लेवर तेच १४६.५२०.