होल थर्टी आणि संध्याकाळची भूक: काही महिन्यांनंतरचा अनुभव

होल थर्टी हे ३० दिवसांचं डाएट करणाऱ्याला सगळे एकच विचारतात, साखर कशी सोडलीस? अहो, साखर, धान्य, डाळी, दूध-दही, दारू हे सगळं सकाळी सोडायला काहीच लागत नाही, सकाळी सगळेच संत असतात. खरी परीक्षा संध्याकाळी सहानंतर सुरू होते आणि त्याबद्दल फार कोणी बोलत नाही म्हणून लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा प्रकार २००९ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. ३० दिवस वरच्या गोष्टी पूर्ण बंद, मग एकेक गट परत खाऊन बघायचा आणि शरीर काय म्हणतंय ते पाहायचं. वजन कमी करायचा प्लॅन नाही, उलट ३० दिवस वजनकाट्यावर उभंच राहायचं नाही असा नियम आहे (हा नियम मला सगळ्यात आवडला).

आता संध्याकाळ. आपल्याला वाटतं की रात्री भूक लागते म्हणजे आपल्याला कंट्रोल नाही. पण २०१३ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, त्यात १२ निरोगी लोकांना बरेच दिवस लॅबमध्ये मंद उजेडात ठेवून त्यांच्या झोपेच्या-जेवणाच्या वेळा मुद्दाम सरकवत नेल्या आणि भूक मोजली. तर जेवण कधीही झालेलं असो, शरीराच्या आतल्या घड्याळाप्रमाणे सकाळी आठच्या आसपास भूक सगळ्यात कमी आणि रात्री आठच्या आसपास सगळ्यात जास्त. हे वाचल्यावर माझी स्वतःशी चाललेली भांडणं निम्मी झाली. म्हणजे सकाळी भूक नाही म्हणून नुसत्या काळ्या कॉफीवर दिवस ढकलायचा आणि मग संध्याकाळी स्वयंपाकघरात फेऱ्या मारायच्या, हे ठरलेलंच आहे. त्यामुळे सकाळी भूक नसली तरी उठल्यावर तासाभरात अंडी, भाजी आणि थोडं फॅट असं नीट खायला लागलो आणि फरक संध्याकाळी दिसला, सकाळी नाही.

दुसरी गोष्ट ताटाची. तळहाताएवढं प्रोटीन, बाकी ताट भरून भाज्या, वर थोडं फॅट, असा होल थर्टीवाल्यांचा साचा आहे. दिसायला ताट डोंगराएवढं, पण पालेभाजी, काकडी, कोबी भरलंत तर पोट तासाभरासाठीच भरतं. धान्य आणि डाळी काढल्यावर जी ऊर्जा गेली ती कुठून तरी परत यायला नको का? इथे बटाटा वाचवतो. सुरुवातीला या डाएटमध्ये बटाट्याला बंदी होती, २०१४ मध्ये उठवली, आणि बरं केलं. १९९५ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी ३८ पदार्थ सारख्याच कॅलरीचे देऊन पुढचे दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते तपासलं होतं, त्यात पांढरा ब्रेड १०० धरला तर उकडलेला बटाटा ३२३ वर, पहिला नंबर. क्रोसाँ (बेकरीतला लोणीदार फ्रेंच पाव) ४७. बटाट्याला शिव्या घालणाऱ्यांनी हे वाचावं. अर्थात उकडलेला किंवा भाजलेला, चिप्स आणि फ्राईज इथे चालत नाहीत. मी दुपारच्या जेवणात बटाटा किंवा रताळं ठेवतो, रात्रीच्या जेवणावर ढकलत नाही, कारण सहाची भूक दुपारीच ठरलेली असते.

तरी भूक लागलीच तर? त्यांची एक टेस्ट आहे, आत्ता वाफवलेला मासा आणि ब्रोकोली खाशील का? हो असेल तर खरी भूक, बिनधास्त खा. नाही असेल तर तोंडाला काहीतरी हवंय, थोडं थांबलं की जातं. टेस्ट भारी आहे, फक्त रात्री दहाला दमून घरी आलं की कोणाला ब्रोकोली हवी असते! म्हणून मी उकडलेली अंडी आणि भाजलेलं रताळं तयार ठेवतो, तेवढं खाऊन झोपतो आणि अपराधी वाटून घेत नाही. बदाम-काजूचा डबा मात्र हाताशी ठेवू नका, नियमात बसतात पण एक मूठ कधी चार होते कळत नाही. खजुरात बदाम भरून खाणं पण नियमात बसतं, पण ती मिठाईच आहे, उगाच स्वतःला फसवू नका.

झोप कमी झाली की वरचं सगळं फसतं, याला माझ्याकडे उपाय नाही.

डाळींबद्दल माझं त्यांच्याशी पटत नाही. परत खाऊन बघताना डाळी आणि चणे आले तेव्हा मला त्रास तर काही झाला नाहीच, उलट संध्याकाळ शांत गेली. दूध आल्यावर मात्र पोट फुगलं, ते आता बंदच आहे. डायबेटिसची औषधं चालू असतील, प्रेग्नन्सी असेल किंवा खाण्याबद्दल आधी कधी मानसिक त्रास झाला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही करू नका.

पूर्ण ३० दिवस परत करेन का, तर बहुतेक नाही. सकाळचं भक्कम खाणं आणि दुपारचा बटाटा अजून चालू आहे, डाळ रात्रीच्या जेवणात परत आली आहे.